कोंबडीचं तोंड कोणाकडे

फान ग्वानल्यांगच्या विभागाचं कागदोपत्री नाव प्रतवारी विभाग. कंपनीतले बाकीचे लोक त्याला खच्चीकरण विभाग म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण कंपनीचा निम्मा नफा याच विभागातून यायचा.

काम सोपं होतं, फक्त सांगायला जरा लाजिरवाणं. कंपनी प्रोसेसर घडवायची. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, आणि या मेंदूत आठ गाभे. आठही चालू असले की त्याला ‘सम्राट’ म्हणायचं आणि सोन्याच्या भावाने विकायचं. सहा चालू असले की ‘सरदार’. चारच चालू असले की ‘शिपाई’, तो विद्यार्थ्यांना आणि सरकारी कचेऱ्यांना. फान नवीन लागला तेव्हा घडाईत खोट निघायची. एखाद्यात एक गाभा मुका निघे, एखाद्यात तीन. मग ज्याची जशी कुवत तशी त्याची प्रत. आंबे निवडण्याइतकं ते सरळ काम होतं. पुढे घडाई इतकी सुधारली की झाडून सगळे प्रोसेसर आठही गाभ्यांनिशी ठणठणीत जन्माला येऊ लागले. यावर कुठल्याही शहाण्या माणसाने पेढे वाटले असते. विक्री विभागाने हंबरडा फोडला. सगळेच सम्राट निघाले तर शिपाई आणायचे कुठून?

तेव्हापासून फानचा विभाग धडधाकट सम्राट हातात घ्यायचा, त्यातले चार गाभे जाळायचा आणि म्हणायचा, जा बाबा, तू शिपाई. जाळायलाही खर्च यायचा, म्हणजे शिपाई घडवणं सम्राट घडवण्यापेक्षा महाग पडायचं आणि तो विकला मात्र स्वस्तात जायचा. हे गणित फानने एकदा सासऱ्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलीला म्हणाले, “याला चार दिवस समुद्रावर ने.”

पण विभाग चालला होता, पगार वेळेवर होता, आणि शिन्चू शहराच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात फानला स्वतःची खोली होती, तिला दार होतं. माणसाला आणखी काय लागतं?

मग थोरले चेअरमन वेई वारले आणि धाकटे वेई आले. धाकटे कॅलिफोर्नियात वाढलेले. मनाने मोकळे, दाताने पांढरे, आणि भाषण करताना बाह्या वर करायची सवय. आल्या आल्या त्यांनी सगळ्या कंपनीला एकत्र बोलावून सांगितलं की यापुढे सम्राट शिपायाच्या भावात मिळेल. समुद्रापलीकडची कुठलीशी कंपनी तेच करणार अशी कुणकुण होती, तेव्हा आपण आधी केलेलं बरं. “ताकद ही मूठभरांची मिरासदारी नाही,” असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. फाननेही वाजवल्या, आणि वाजवता वाजवताच त्याच्या लक्षात आलं की आठही गाभे स्वस्तात द्यायचे असतील तर ते जाळायला माणूस कशाला हवा?

त्याची पाचावर धारण बसली. पन्नाशी उलटलेली, घराचे हप्ते चालू, आणि अंगात विद्या एकच, चांगल्या वस्तूला कमी करण्याची. ही विद्या दुसरीकडे कुठे चालणार?

बाजारात तर नुसता धुमाकूळ माजला. टके शेर भाजी, टके शेर खाजा. तैपेईच्या संगणक बाजारात फानच्या मेव्हण्याचं, आखुनचं, दुकान होतं. त्याचा फोन आला.

“भावोजी, तुम्ही माझा गळा कापलात.”

“मी गळे नाही कापत. नुसते गाभे.”

“चेष्टा नका करू. गिऱ्हाइकाच्या पायातल्या चपला बघून मी सांगायचो, याला सरदार लागणार. डॉक्टर आला की न विचारता सम्राट काढायचो. ही माझी विद्या होती. आता सगळे एकच मागतात. काल एक आजी आल्या. नातवाचे फोटो बघायचेत म्हणाल्या. त्यांनाही सम्राट.”

“मग दिलास ना?”

“काय करू? शिपाईही त्याच भावात आहे. आजी म्हणतात, बाळा, थोडा कमी चांगला असेल तर दे, एवढा चांगला मला झेपायचा नाही.”

“आणि गेल्या महिन्यात ज्यांनी जुन्या भावाने घेतले ते?”

“त्यातले एक दंतवैद्य आहेत ना? दुकानासमोर उभेच आहेत. मला वाटलं पैसे परत मागतील. पैशाचं नावच काढत नाहीत. म्हणतात, आता याहून महाग काय आहे ते दाखव.”

हे आखुनचं झालं. प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांची तऱ्हा आणखी वेगळी. यंत्रात एवढी ताकद फुकट लोळते आहे म्हटल्यावर त्यांनी घाम गाळणं सोडलं. साधं पत्र लिहायच्या प्रोग्रामात आता बर्फ पडायचा आणि कोपऱ्यातून मांजर चालत जायचं. सम्राटाचे आठही गाभे मांजर चालवण्यात गुंतले, आणि पत्र उघडायला पूर्वी शिपायाला लागायचा तितकाच वेळ लागू लागला. यालाच धाकटे वेई क्रांती म्हणत.

अशात चांद्रवर्ष सरत आलं आणि वर्षअखेरची मेजवानी आली.

आता ही मेजवानी म्हणजे नुसतं जेवण नव्हे. अख्खी उकडलेली कोंबडी ताटात येते, आणि तिचं तोंड ज्याच्याकडे, त्याने नव्या वर्षात दुसरी नोकरी शोधायची, हे शिन्चूतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मालकाला तोंडाने बोलायला अवघड जातं म्हणून पूर्वजांनी हे काम कोंबडीवर सोपवलं. हल्लीच्या काळात असं कोणी करत नाही, असं सगळे म्हणतात, आणि तरीही हॉटेलवाले कोंबडीचं डोकं आधीच छाटून ठेवतात. थोरले वेई डोकं ठेवायचे, पण दरवर्षी स्वतःच्या हाताने ते आपल्याकडे वळवून म्हणायचे, “मीच जातो. तुम्ही जेवा.” लोक पोट धरून हसायचे आणि दुप्पट जेवायचे.

“धाकट्याला हे माहीत तरी आहे का?” फानच्या बायकोने, सूचेनने, विचारलं. ती त्याचा टाय बांधत होती.

“माहीत नसणारच. तिकडे वाढलाय. आणि हॉटेलात डोकं काढूनच देतात गं.”

“तरी तू कोंबडीच्या समोर बसू नकोस.”

“गोल टेबल असतं, सूचेन. गोल टेबलाला समोर नसतं.”

“मग उशिरा जा. उरलेल्या खुर्चीवर नशीब असतं म्हणतात.”

तो उशिरा गेला, आणि उरलेली खुर्ची निघाली चेअरमनच्या टेबलावर. त्याच्या उजवीकडे त्याची उपप्रमुख यालिंग, जिभेची तिखट बाई, कामाला वाघीण. पलीकडे विक्रीचा प्रमुख च्याओ, मग हिशेबाच्या पेंगबाई, डावीकडे तीन बडे इंजिनियर, आणि बरोबर समोर, गोल टेबलाला समोर नसतं तरी, धाकटे वेई.

सुरुवातीला सोडत झाली. दरवर्षी पहिलं बक्षीस सम्राट बसवलेला संगणक असायचा, आणि त्याच्यासाठी लोक देवळात नवस बोलायचे. यंदाही तोच होता. तो ज्या तरुणीला लागला ती व्यासपीठावर अशी चढली, जणू तिला दंड भरायचा होता. तिसरं बक्षीस विजेवर चालणाऱ्या भाताच्या भांड्याचं होतं. त्याला सभागृहाने उभं राहून टाळ्या दिल्या.

मग कोंबडी आली. डोक्यासकट.

पांढरीशुभ्र, मानेला ऐटबाज बाक दिलेली, चोच किंचित उघडी. वेटरने ती टेबलाच्या मधोमध फिरत्या काचेवर ठेवली, आणि चोच आली थेट फानच्या टायवर.

पेंगबाईंनी चहाचा पेला उचलला आणि त्यात काहीतरी शोधू लागल्या. म्हणजे हे असं सांगायचं होतं तर, असं फानच्या मनात आलं, आणि आधी भीती वाटली, मागोमाग अपमान. एवढी वर्षं इमानेइतबारे गाभे जाळले, आणि निरोप द्यायला कोंबडी.

“मी हॉटेलवाल्याला खास सांगितलं,” धाकटे वेई उत्साहाने म्हणाले. “काही छाटू नका. सगळं अख्खं वाढा. आपल्या कंपनीचं यंदाचं धोरणच आहे, कोणाचं काही कापायचं नाही.”

कोणी हसलं नाही. धाकट्यांना वाटलं लोक भारावले.

“साहेब, तुम्हाला कोळंबी देऊ का?” यालिंग म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता तिने काच फिरवली. तिने हे फानसाठी केलं होतं. चोच सरकत सरकत च्याओपुढे थांबली. कोळंबी कुठल्या कुठे गेली.

च्याओ हा विक्रीतला माणूस. आलेली वस्तू पुढे ढकलण्यात त्याचा हात कोण धरणार? “फानदादांना बांबूचे कोंब आवडतात,” असं म्हणत त्याने काच उलटी फिरवली. चोच यालिंगला ओलांडून पुन्हा फानकडे.

“मला कोंब सोसत नाहीत,” फान म्हणाला. “पित्त होतं. पेंगबाईंना द्या.”

“मला कशाला?” पेंगबाई पेल्यातून बाहेर आल्या. “माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय हो.”

“मग कोंब खायला काय हरकत आहे?” च्याओ म्हणाला.

“तुम्हीच खा ना, च्याओ. तुमच्या विभागाला आता बडबडीशिवाय काम काय उरलंय? एकाच भावाची एकच वस्तू. ती तर भाजीवालीसुद्धा विकेल.”

“आणि हिशेब काय, एकाच ओळीचा. तोही सम्राट करेल.”

काच फिरत राहिली. कोणाला सूप हवं झालं, कोणाला मुळ्याचं लोणचं, कोणाला एकाएकी समोरच्या माशाबद्दल जिव्हाळा वाटू लागला. एकानेही काही ताटात वाढून घेतलं नाही. एका फेरीत चोच धाकट्या वेईंसमोर येऊन थांबली, आणि सगळ्यांचे हात जागच्या जागी गोठले. ती तिथे ठेवायची कोणाची छाती होणार? आणि तिथून हलवायची तर कोणाकडे?

“मजा आहे,” धाकटे म्हणाले. “हा खेळ मी तिकडे कधी पाहिला नव्हता. आता माझी पाळी का?” आणि त्यांनी बाही वर करून काचेला असा झोका दिला की सॉसच्या वाट्या थरथरल्या. कोंबडी गरगर फिरली. आठ माणसं श्वास धरून बघत राहिली. त्यातल्या सात जणांना परदेशी विद्यापीठांच्या पदव्या होत्या.

चोच थांबली ती फान आणि यालिंग यांच्या मधोमध.

यालिंगने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या आईला डायलिसिसला न्यावं लागायचं, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. फानचा हात काचेच्या कडेवर होता. वितभर डावीकडे ढकललं की आपल्याकडे, वितभर उजवीकडे की तिच्याकडे. आणि खरं सांगायचं तर त्याच्या बोटांना उजवीकडेच जायचं होतं. ते त्याचं त्यालाच कळलं, आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो भडकला. एका मेलेल्या कोंबडीने आपली ही दशा करावी?

त्याने चॉपस्टिक्स उचलल्या, कोंबडीची मान धरून मुरगळली, डोकं तोडलं, आणि तोंडात टाकलं. कवटी दाताखाली फुटल्याचा आवाज पेंगबाईंना ऐकू गेला. त्याने चावून चावून खाल्लं, हाडं बशीत काढून ठेवली, आणि रुमालाने तोंड पुसलं.

“घ्या,” तो म्हणाला. “आता जेवा.”

आणि लोक जेवले. असे तुटून पडले की बिनडोक्याची कोंबडी बघता बघता साफ झाली. यालिंगने कोळंबी सोलून त्याच्या वाटीत ठेवली. च्याओने त्याच्या नावाने पेला उचलला. फानला कित्येक दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं. नोकरी गेली तर गेली, पण आपण माणसासारखे वागलो, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

निघताना धाकट्या वेईंनी त्याला कोट ठेवायच्या खोलीपाशी गाठलं. लहानपणी ते त्याच्या खांद्यावर बसून कारखाना बघायला आले होते, त्यामुळे एकांतात ते त्याला काका म्हणत.

“फानकाका, मी आज संध्याकाळभर बघत होतो. सगळे नुसते फिरवत बसले. ही आपल्या कंपनीची अडचण आहे. निर्णय कोणी घेत नाही, दुसऱ्याकडे सरकवतात. तुम्ही एकट्याने घेतलात.”

“मला भूक लागली होती,” फान म्हणाला.

“नम्रपणा पुरे. मी एका माणसाच्या शोधात होतो, तो मला सापडला. भाव इतका उतरवल्यावर खर्च कुठूनतरी निघायला हवा, हे तुम्हालाही कळतं. सगळ्यांत जास्त माणसं तुमच्या विभागात आहेत, म्हणून सुरुवात तिथून. निम्मी ठेवायची. कोण राहील, कोण जाईल, ते तुम्ही ठरवा. तुम्ही तर आहातच, तुमची जागा पक्की, वर बढती.”

“पण त्यांच्यात खराब कोणी नाही.”

“माहीत आहे ना.” धाकट्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचं त्याच्यावर प्रेम होतं, त्यात खोट नव्हती. “म्हणून तर तुम्हाला सांगतोय, काका. आठच्या आठ चांगले असताना चार बंद करायचे, हे तुमच्याइतकं कोणाला जमतं? नव्या वर्षाची सुट्टी संपली की नावं द्या.”

कोणाचं काही कापायचं नाही या धोरणाचं काय झालं, हे विचारायचं फानला सुचलं, पण तोवर धाकट्यांमागे लिफ्टचं दार मिटलं होतं.

घरी सूचेनने दार उघडताच विचारलं, “डोकं होतं?”

“होतं.”

“कोणाकडे होतं?”

“मी खाल्लं.”

“नोकरी?”

“राहिली. बढती मिळाली.”

सूचेन मटकन खुर्चीवर बसली आणि रडली. मग हसली, मग तिने आखुनला फोन लावून सांगितलं की तुझ्या भावोजींनी कोंबडीवरसुद्धा मात केली. फान बाथरूममध्ये जाऊन पुन्हा पुन्हा चुळा भरत होता. तोंडातली चव जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर पोचायच्या आत, निम्मे जाणार आणि नावं तोच देणार, ही बातमी विभागात पोचलेली होती. त्या इमारतीत गुपित ठेवायचं तर ते प्रोसेसरमध्येच ठेवावं लागतं. लोक नेहमीपेक्षा जास्त अदबीने उभे राहिले. कोणीतरी त्याच्या टेबलावर अननसाची बिस्किटं ठेवली होती, कोणीतरी चहा. यंत्रांशी काम करणारा एक जण, जो एरवी वाऱ्यावरून, सरकारवरून आणि बेसबॉलवरून सकाळभर कुरकुरायचा, तो आज कशावरही खूश होता.

फानने बढतीबरोबर आलेली मोठी खोली घेतली नाही. तो बाहेर, सगळ्यांमध्ये एका टेबलाशी बसला. आपण तुमच्यातलेच आहोत, हे त्याला सांगायचं होतं. पण त्याने मान वर केली की ज्याच्यावर नजर पडेल तो ताठ व्हायचा. हसणारा हसू गिळायचा. चघळणारा चघळणं थांबवायचा. फानने नजर वळवली की पुढचा ताठ व्हायचा. तो दिलासा म्हणून कोणाकडे बघून हसला, तर त्या माणसाच्या हातातला पेला सांडला.

दुपारी डबे उघडले, पण कोणी खाईना. शेवटी यालिंग उठून त्याच्यापाशी आली.

“साहेब, राग मानू नका.”

“बोल ना.”

“काल तुम्ही जे केलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण आज तुम्ही आमच्याकडे बघू नका.”

“मी कुठे कोणाकडे बघतोय?”

“बघताय. बघावं लागणारच तुम्हाला, ते आम्हाला कळतं. पण जेवायच्या वेळी तरी नको. दोन घास उतरत नाहीत हो कोणाच्या घशाखाली. तुम्ही टेबल जरा भिंतीकडे फिरवून घ्याल का?”

तिचा आवाज मऊ होता, आणि फानला त्या क्षणी वाटलं, हिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे निदान एक तरी खोट सापडेल. यालिंगने टेबलाची एक बाजू धरली, त्याने दुसरी. दोघांनी मिळून ते फिरवलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

मागे कोणीतरी डब्याचं झाकण उघडलं, कोणीतरी मुळ्याच्या लोणच्याला नाव ठेवलं, कुरकुऱ्याने वाऱ्याला शिवी दिली, आणि यालिंग त्याला म्हणाली की वाऱ्याला दिलेली शिवी तोंडावरच परत येते. सगळे हसले. फान ऐकत राहिला. पाठीमागचा एकेक आवाज त्याला ओळखू येत होता, आणि त्यातला एकही खराब नव्हता.